सहलीच्या जागा उपग्रहचित्रांत पुन्हा बघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहलीचे फोटो दोन-चारदा बघून होतात आणि मग फोनमध्ये पडून राहतात. त्याच जागा आकाशातून शोधायला बसलात, तर मात्र एक अख्खी संध्याकाळ कुठे गेली ते कळत नाही. खालची उत्तरं असं शोधायला बसणाऱ्यांसाठी आहेत. बहुतेक उत्तरांत एकच आग्रह डोकावेल, तो आधीच सांगून टाकलेला बरा: आधी तारीख जुळवा, स्पष्टता नंतर बघा. भलत्याच वर्षीच्या चकचकीत चित्रापेक्षा तुम्ही तिथे होतात त्या दिवसाच्या धूसर चित्रात सांगण्यासारखं जास्त असतं.

चित्रात आम्ही दिसू का?

नाही. ही आशा सोडून दिलीत की बाकीची मजा मोकळेपणाने घेता येते. २०१४ मध्ये सोडलेल्या वर्ल्डव्ह्यू-३ या खासगी उपग्रहाच्या चित्रात एक पिक्सेल जमिनीवरच्या सुमारे ३१ सेंटिमीटरचा असतो. वरून पाहिलेला माणूस म्हणजे दोन-तीन पिक्सेल. सकाळच्या तिरप्या उन्हात माणसापेक्षा त्याची सावलीच ठळक उमटते. गाडी ओळखता येते, पण रंग फिका की गडद इतपतच.

फुकट मिळणारी चित्रं त्याहून कितीतरी भरड. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा पिक्सेल १० मीटरचा, अमेरिकेच्या लँडसॅटचा ३० मीटरचा. १०५ बाय ६८ मीटरचं फुटबॉलचं मैदान सेंटिनेलमध्ये दहा बाय सात पिक्सेलांत संपतं, लँडसॅटमध्ये साडेतीन बाय दोन. हॉटेलचा पोहण्याचा तलाव दोन निळसर पिक्सेल म्हणून उमटला तरी नशीब समजा.

मग दिसतं काय? तुमच्या आजूबाजूचं सगळं. बर्फ डोंगरावर कुठवर उतरला होता, नदी गढूळ होती की निवळ, ओहोटीला किनारा किती रुंद झाला होता, पलीकडच्या दरीत वणवा पेटला होता का, धुकं कोणत्या खिंडीत अडकलं होतं. त्या दिवशी तिथे उभं असताना यातलं बरंचसं तुम्हाला माहीतही नव्हतं.

ही चित्रं थेट, आत्ताची असतात का?

अजिबात नाही. गूगल मॅप्समध्ये ‘सॅटेलाइट’ म्हणून जे दिसतं ते वेगवेगळ्या तारखांच्या तुकड्यांचं ठिगळकाम असतं, आणि त्यातले बरेच तुकडे उपग्रहाने काढलेले नसून विमानातून काढलेले असतात. काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत जुने. एकाच डोंगराचा डावा उतार हिरवागार आणि उजवा करपलेला दिसला तर दोन वेगळ्या ऋतूंची शिवण तुमच्या समोर आहे.

त्यातल्या त्यात ताजी चित्रं हवामान उपग्रहांची. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटरवरून ते दर दहा-पंधरा मिनिटांनी अर्ध्या जगाचं चित्र घेतात. त्यांचा पिक्सेल मात्र अर्धा किलोमीटर किंवा त्याहून मोठा.

सुरुवात कुठून करायची?

तीन खिडक्या पुरतात.

पहिली गूगल अर्थ प्रो. संगणकावर चालणारी ही आवृत्ती २०१५ पासून फुकट आहे. वरच्या पट्टीतल्या घड्याळाच्या चिन्हावर क्लिक केलं की काळाची सरकपट्टी उघडते आणि त्या जागेची जुनी चित्रं एकामागून एक बघता येतात. ही सोय २००९ मध्ये आली. २०२४ पासून ब्राउझरमध्ये आणि फोनवरही मिळते. चित्रं सगळ्यांत स्पष्ट इथेच, पण तारखा तुमच्या हातात नाहीत. एखाद्या प्रसिद्ध शहराची पन्नास चित्रं असतील, तर आडबाजूच्या बेटाची तीन.

दुसरी कोपर्निकस ब्राउझर हे संकेतस्थळ. सेंटिनेलची सगळी चित्रं इथे असतात. पहिला सेंटिनेल-२ उपग्रह जून २०१५ मध्ये गेला, दुसरा मार्च २०१७ मध्ये, आणि तेव्हापासून बहुतेक जमिनीवरून दर पाच दिवसांनी एक फेरी होते. जागा शोधायची, कॅलेंडरमध्ये सहलीची तारीख निवडायची, ढगांची टक्केवारी ठरवायची. २०१७ नंतरची सहल असेल तर माझ्या मते सरळ इथूनच सुरुवात करावी. पाच दिवस राहिला असाल तर निदान एक फेरी तुमच्या मुक्कामात बसतेच.

तिसरी नासाचं वर्ल्डव्ह्यू हे संकेतस्थळ (वरच्या वर्ल्डव्ह्यू-३ उपग्रहाशी याचा संबंध नाही). फेब्रुवारी २००० पासून रोजचं चित्र, तेही पृथ्वीवर जवळपास सगळीकडचं, आणि खातं न उघडता. पिक्सेल २५० मीटरचा, त्यामुळे गाव दिसणार नाही, पण वादळ, वाळूचं वादळ, वणव्याचा धूर, मोठ्या सरोवरातलं शेवाळ हे झकास दिसतं.

चित्राखाली दिलेली तारीख खरी मानायची का?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, आणि खरं तर सगळ्यात आधी हाच विचारायला हवा.

गूगल अर्थमध्ये लांबून बघत असाल तेव्हा समोरचं स्वच्छ, ढगविरहित चित्र कोणत्याही एका दिवसाचं नसतं. अनेक दिवसांच्या चित्रांतले निरभ्र पिक्सेल वेचून ते बनवलेलं असतं. काळाची सरकपट्टी मागे नेत गेलात की डिसेंबरची ३० किंवा ३१ तारीख वारंवार दिसू लागते. ते त्या दिवशीचं चित्र नसून संपूर्ण वर्षाची गोळाबेरीज असते, आणि वर्ष संपल्याची तारीख तिला चिकटवलेली असते. नववर्षाच्या आदल्या दिवशी तुम्ही खरंच तिथे असाल तरी हुरळून जाऊ नका. तारीख खरी आहे की नाही ते जवळ जाऊन, जिथे झाडं सुटी सुटी दिसतात त्या पातळीवर तपासा.

एसरी कंपनीच्या ‘वेबॅक’ संग्रहात २०१४ पासूनची चित्रं आहेत. तिथली ठळक तारीख असते चित्र प्रसिद्ध झाल्याची. ते काढलं केव्हा, हे बघायला नकाशावर त्या जागी क्लिक करावं लागतं, आणि दोन्हींत वर्षभराचं अंतरही निघू शकतं.

सेंटिनेलच्या तारखा प्रामाणिक असतात, पण त्या जागतिक वेळेनुसार असतात. हा उपग्रह प्रत्येक ठिकाणावरून तिथल्या सूर्याप्रमाणे सकाळी साधारण साडेदहाला जातो. न्यूझीलंडमध्ये साडेदहा वाजतात तेव्हा जागतिक घड्याळात आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेदहा असतात. म्हणजे तिथल्या १५ तारखेच्या सकाळचं चित्र कॅलेंडरमध्ये १४ तारखेखाली सापडतं. फिजीचंही तसंच. युरोप, आफ्रिका किंवा भारताच्या बाबतीत ही भानगड नाही.

तारखेबद्दल शंका असेल तर सावल्या बघा. सकाळी साडेदहाला उत्तर गोलार्धातल्या मध्य अक्षांशांवर सूर्य आग्नेयेला असतो, त्यामुळे सावल्या वायव्येकडे पडतात. हिवाळ्यात लांब, उन्हाळ्यात आखूड. जुलै म्हणून दाखवलेल्या चित्रात इमारतींच्या सावल्या रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या असतील तर काहीतरी गडबड आहे.

नेमक्या आमच्याच तारखेला ढग आहेत. आता?

बहुतेकांची हीच रड असते. आधी मागची किंवा पुढची फेरी बघा. हिमरेषा किंवा नदीचा रंग तेवढ्यात सहसा फारसा बदलत नाही. नंतर लँडसॅट तपासा. लँडसॅट ८ आणि ९ मिळून दर आठ दिवसांनी एक फेरी मारतात आणि त्यांचे दिवस सेंटिनेलपेक्षा वेगळे असतात. तेही नाही जमलं तर वर्ल्डव्ह्यूमध्ये टेरा आणि ॲक्वा या दोन उपग्रहांची चित्रं ताडून बघा. बरीच वर्षं पहिला सकाळी आणि दुसरा दुपारी दीडच्या सुमारास जात असे, त्यामुळे सकाळचं धुकं दुपारी विरलं असेल तर ते इथे सापडतं.

विषुववृत्ताजवळच्या वर्षावनांत महिनोन्‌महिने निरभ्र चित्र मिळत नाही. तिथे सेंटिनेल-१ चं रडार कामी येतं. ते ढगांतून आणि अंधारातूनही बघतं. चित्र करड्या रंगाचं आणि दाणेदार, शांत पाणी काळं, शहर पांढरं. डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो आणि आठवणी ताज्या करायला ते फारसं उपयोगी नाही, हे कबूल.

पण ढगांवर इतकं का रागवावं? शिखर बघायला गेलात, दिवसभर धुक्यात बसलात आणि तसेच परतलात, तर त्या दिवसाचं ढगाळ चित्रच तुमच्या सहलीचं खरं चित्र. त्यात कधीकधी एक चरचरीत गोष्ट दिसते: ढगांचा थर खालच्या दरीतच होता आणि शिखर वर उन्हात लखलखत होतं. आणखी तासभर चढला असता तर, वगैरे. कोणाच्या सांगण्यावरून माघारी फिरलात ते आठवून घरात पुन्हा एकदा वाद घालायला चांगला पुरावा.

आमची सहल खूप जुनी, रोल भरण्याच्या काळातली. तिचं काही मिळेल का?

मिळेल, आणि या शोधात खरी गंमत आहे.

पहिला लँडसॅट २३ जुलै १९७२ रोजी गेला. त्याचा पिक्सेल सुमारे ८० मीटरचा होता. १९८४ मध्ये गेलेल्या लँडसॅट ५ ने ३० मीटरची चित्रं दिली. तीन वर्षांसाठी बनवलेला हा उपग्रह २०१३ पर्यंत टिकला, म्हणून ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या सहलींचा आधार तोच. ही सगळी चित्रं २००८ पासून सर्वांसाठी फुकट आहेत आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावर मिळतात. तिथलं पान जुन्या धाटणीचं आणि किचकट आहे, पण दोन-तीनदा वापरलं की हात बसतो.

दोन अडचणी आधीच माहीत असू द्या. त्या काळी जगातल्या सगळ्या जागांची चित्रं नियमित घेतली जात नव्हती. काही देशांची चित्रं भरपूर, तर काही बेटांची वर्षानुवर्षं एकही नाही. आणि लँडसॅट ७ मधला एक भाग ३१ मे २००३ रोजी बिघडला. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक चित्रावर काळे तिरपे पट्टे दिसतात आणि सुमारे २२ टक्के चित्र गायब असतं. पट्टे चित्राच्या मधोमध नाहीसे होतात आणि कडेला रुंद होत जातात. तुमचं ठिकाण मध्यावर आलं असेल तर बिनधास्त वापरा.

१९७२ च्याही आधीची सहल असेल, किंवा आजी-आजोबा जिथे गेले होते ती जागा बघायची असेल, तर अर्थएक्सप्लोररवरच कोरोना उपग्रहांचं दालन उघडा. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेने ही हेरगिरीची चित्रं फिल्मवर घेतली. भरलेली फिल्म कुपीतून खाली सोडत आणि पॅराशूटने उतरणारी कुपी विमान हवेतच झेलत असे. १९९५ मध्ये आठ लाखांहून अधिक चित्रं खुली झाली. नंतरच्या कॅमेऱ्यांची स्पष्टता जवळजवळ दोन मीटरपर्यंत होती, म्हणजे आजच्या फुकट सेंटिनेलपेक्षाही कितीतरी चांगली. कृष्णधवल, कडेला ताणल्यासारखी, पण आज ज्या किनाऱ्यावर हॉटेलांची रांग आहे तिथे नुसती वाळू आणि होड्या दिसल्या की बघत बसावं असं चित्र. अडचण एवढीच की हेरांना जिथे रस होता तिथलीच चित्रं भरपूर आहेत. सुट्टी घालवायच्या जागांत त्यांना रस कमी होता.

फोटो कुठे काढला ते आठवत नाही. जागा कशी शोधायची?

फोनने काढलेल्या मूळ फोटोत बहुधा अक्षांश-रेखांश साठवलेले असतात. फोटोची माहिती उघडली की ते दिसतात. मेसेजिंग ॲपमधून आलेल्या प्रतीतून ते सहसा पुसले जातात, म्हणून ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागा. आकडे दशांशात असतील तर दशांशचिन्हापुढचे चार अंक म्हणजे सुमारे ११ मीटरची अचूकता. त्यापुढच्या अंकांना फार किंमत देऊ नका. उंच इमारतींत किंवा अरुंद दरीत फोनची जीपीएस तेवढी नेमकी नसतेच.

शोधपेटीत आधी अक्षांश, मग रेखांश टाकायचा. केएमएल फाइलमध्ये (नकाशावरच्या खुणा साठवणाऱ्या फाइलमध्ये) मात्र क्रम उलटा असतो, आधी रेखांश. स्विस आल्प्समधला ४६ उत्तर, ८ पूर्व हा बिंदू उलटा पडला तर तुम्ही इथिओपिया-सोमालियाच्या सरहद्दीकडच्या कोरड्या मुलखात पोहोचता. समुद्रात किंवा वाळवंटात भलतीकडे खूण उमटली की पहिला संशय क्रमाचा घ्यावा.

चीनमध्ये फिरून आलेल्यांना आणखी एक कोडं पडतं. तिथल्या नकाशांसाठी कायद्याने वेगळी निर्देशांक पद्धत ठरवलेली आहे, आणि तिच्यात जागा मुद्दाम सरकवलेल्या असतात. त्यामुळे गूगलवर रस्त्यांच्या रेषा उपग्रहचित्रातल्या रस्त्यांपासून काही शे मीटर सरकलेल्या दिसतात. तुमच्या फोनने नोंदवलेला मार्ग चित्रावर बरोबर बसतो आणि रेषांवर चुकतो. चित्रावर विश्वास ठेवा.

जीपीएस नसलेल्या कॅमेऱ्याचे किंवा अल्बममधले जुने फोटो असतील तर डोंगरांची ओळ हाच पत्ता. गूगल अर्थमध्ये अंदाजे जागी जमिनीलगत उतरा, फोटोच्या दिशेला तोंड करा आणि शिखरांच्या ओळीचा आकार जुळेपर्यंत इकडे-तिकडे सरका. जवळचं शिखर दूरच्या शिखराला कुठे झाकतं हे बघत गेलात तर शंभर-दोनशे मीटरपर्यंत जागा पक्की होते. त्याच प्रोग्राममध्ये सूर्यप्रकाशाची सरकपट्टी आहे. फोटोतली सावली ज्या कड्यावर थांबली आहे तिथे ती येईपर्यंत वेळ पुढे-मागे करायची, म्हणजे फोटो किती वाजता काढला तेही समजतं. हे काम चिकाटीचं आहे, पण शब्दकोडी सोडवणाऱ्यांना व्यसन लागेल.

आम्ही बसलो होतो ते जहाज किंवा विमान सापडेल का?

जहाजाची शक्यता बरी. ३०० मीटर लांबीचं क्रूझ जहाज सेंटिनेल-२ मध्ये ३० पिक्सेल लांब उमटतं, म्हणजे ठळक पांढरी काडी. चालतं असेल तर मागे पाण्याची फिकट रेघ कित्येक किलोमीटर पसरलेली असते आणि आधी नजरेत भरते ती तीच. भर समुद्रात मात्र शोधू नका. सेंटिनेल-२ जमिनीवरची आणि किनाऱ्यालगतच्या सुमारे वीस किलोमीटरपर्यंतच्या पाण्यावरची चित्रं घेतो. महासागराच्या मधोमध तो कॅमेरा बंदच ठेवतो. भूमध्य समुद्र त्याला अपवाद आहे, तो पूर्ण टिपला जातो. शिवाय सकाळी साडेदहाला क्रूझ जहाजं बहुधा बंदराला लागलेली असतात. प्रवासाचं वेळापत्रक काढा, कोणत्या तारखेला कोणतं बंदर होतं ते बघा आणि धक्क्याशी शोधा. शेजारी दुसरं जहाज असेल तर लांबी मोजून ओळखा. मोजपट्टीचं साधन कोपर्निकस ब्राउझरमध्येच आहे.

विमानाचं गणित अवघड, पण दिसलं तर दृश्य भारी. सेंटिनेल-२ निळा, हिरवा आणि लाल रंग एकाच क्षणी टिपत नाही; निळा आणि लाल यांत सुमारे एका सेकंदाचं अंतर पडतं. जमीन स्थिर असल्यामुळे तिन्ही रंग एकमेकांवर चपखल बसतात. ताशी ९०० किलोमीटरने जाणारं विमान तेवढ्या एका सेकंदात अडीचशे मीटर पुढे सरकलेलं असतं. त्यामुळे चित्रात एकाच विमानाच्या तीन आकृती दिसतात, एक निळी, एक हिरवी, एक लाल, ओळीने उडणाऱ्या. गूगल मॅप्समधल्या चित्रांतही अशी रंगीत विमानं सापडतात, कारण तेच. तुमचं विमान सकाळी साडेदहाच्या सुमारास त्याच पट्ट्यावरून जात असायला हवं, शिवाय खाली ढग नकोत. तिकीट आणि उड्डाणाचा मार्ग हाताशी असेल तर करून बघायला हरकत नाही.

इमारती वाकड्या आणि दऱ्या उंचवट्यांसारख्या का दिसतात?

उपग्रह क्वचितच नेमका डोक्यावर असतो. तिरपा बघत असेल तर मनोऱ्याचं टोक पायथ्यापासून बाजूला पडतं. म्हणून जीपीएसची खूण गच्चीऐवजी शेजारच्या रस्त्यावर पडल्यासारखी वाटते. पायथा बरोबर जागी असतो, टोक सरकलेलं असतं.

दऱ्यांचा घोटाळा आपल्या डोळ्यांचा. उजेड वरून येतो असं आपण गृहीत धरतो. उत्तर गोलार्धात ऊन दक्षिणेकडून येतं, आणि नकाशात दक्षिण खाली असते. त्यामुळे उजेड खालून आल्यासारखा दिसतो आणि दरीचा डोंगर होतो. चित्र फिरवून दक्षिण वर आणा. क्षणात सगळं जागेवर बसतं.

कोणत्या जागा बघण्यात मजा येते?

जिथे पाणी, बर्फ, वाळू किंवा आग आहे तिथे. गल्ल्याबोळांचं जुनं शहर, संग्रहालय, घनदाट जंगलातली पायवाट यांच्या वाट्याला जाऊ नका. वरून छपरं आणि झाडांचे शेंडे दिसतील आणि कंटाळा येईल. तिथल्या आठवणींसाठी स्ट्रीट व्ह्यू बरं.

काही जागा मात्र याचसाठी बनल्यासारख्या आहेत. ब्राझीलमधल्या मनौसजवळ काळी रिओ नेग्रो आणि मातकट सोलिमोंइस या नद्या भेटतात आणि कित्येक किलोमीटर न मिसळता शेजारून वाहतात. बोटीतून बघताना रंगांची एक सरहद्द दिसते. वरून तिची वळणं, भोवरे आणि शेवटी मातकट रंगाचा विजय, सगळं एका नजरेत येतं. बोलिव्हियातलं उयुनी मिठागर सुमारे १०,००० चौरस किलोमीटरचं. पावसाळ्यात तुम्ही आरशावर उभे राहून फोटो काढला असेल, तर त्या आठवड्यात पाणी नेमक्या कोणत्या कोपऱ्यात साचलं होतं ते सापडतं.

फ्रान्समधल्या मों सें-मिशेलची चित्रं ओळीने बघा. उपग्रह दर वेळी साधारण त्याच वेळेला येतो, भरती-ओहोटी मात्र रोज पुढे सरकते, म्हणून एका चित्रात बेट वाळूत उभं तर दुसऱ्यात पाण्यात. २०१४ मध्ये जुन्या भरावाच्या रस्त्याऐवजी खांबांवरचा पूल आला. त्याआधी गेला असाल तर तुमचा रस्ता आता चित्रात नाही. अलास्कातली कोलंबिया हिमनदी बोटीतून बघितली असेल तर लँडसॅटची १९८० च्या दशकातली चित्रं काढा. तेव्हापासून तिचं तोंड वीस किलोमीटरहून जास्त मागे गेलं आहे, म्हणजे तुमची बोट जिथे थांबली होती तिथे कदाचित बर्फाचा जाड थर होता.

थायलंडमधला माया बे माझ्या विशेष आवडीचा. २०१८ च्या आधीची स्पष्ट चित्रं गूगल अर्थमध्ये उघडली की अर्धवर्तुळाकार किनाऱ्याला खेटून बोटींची पांढरी रांगच रांग दिसते. जून २०१८ मध्ये किनारा पर्यटकांसाठी बंद झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये उघडला, पण बोटींना आता खाडीत येऊ देत नाहीत. त्या बेटाच्या मागच्या बाजूला लागतात. तुम्ही गेलात तेव्हा रांग होती का, हे बघितलं की तुमच्या फोटोतली गर्दी किंवा शांतता यांचा उलगडा होतो.

गेलो होतो ती जागाच आता राहिली नाही. ते बघवेल का?

ज्याचं त्याने ठरवावं. माल्टातली समुद्रातली दगडी कमान, ‘अझूर विंडो’, ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. आधीच्या-नंतरच्या चित्रांत किनाऱ्याची कड तेवढी बदललेली दिसते. स्पेनच्या ला पाल्मा बेटावर १९ सप्टेंबर ते १३ डिसेंबर २०२१ ज्वालामुखी धुमसत होता आणि लाव्हा घरं, रस्ते, बागा गिळत समुद्रापर्यंत गेला. तिथे नवी जमीनच तयार झाली. हवाईतलं लाहायना ऑगस्ट २०२३ च्या आगीत जळालं. अशा ठिकाणी आधीचं चित्र साठवून ठेवावं, असं मला वाटतं. तुमच्या फोटोंना संदर्भ तेवढाच उरतो.

ग्रहण किंवा ध्रुवीय प्रकाश बघायला गेलो होतो. त्या रात्रीचं, त्या क्षणाचं काही असतं का?

८ एप्रिल २०२४ च्या खग्रास सूर्यग्रहणात चंद्राची सावली मेक्सिकोपासून कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत सरकताना हवामान उपग्रहांनी टिपली. काळा डाग उत्तर अमेरिकेवरून धावत जातो. तुम्ही उभे होतात ती वेळ शोधा आणि त्या चित्रात स्वतःला सावलीत बघा. ध्रुवीय प्रकाशासाठी वर्ल्डव्ह्यूमध्ये रात्रीचा प्रकाश दाखवणारा थर आहे. शहरांच्या दिव्यांच्या उत्तरेला धुरकट, वळणदार पट्टे दिसले तर तोच. तुम्हाला ढगांमुळे दिसला नसेल तर हे बघून फार आनंद होणार नाही.

चित्रं लाल-निळ्या भलत्याच रंगांत का दिसतात?

डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश लाल रंगात दाखवला की झाडी लालभडक होते. आणखी एका प्रकारात बर्फ निळा आणि ढग पांढरे दिसतात. डोंगरावरचं पांढरं नेमकं काय आहे ते कळत नसेल तेव्हा हा प्रकार निवडा. बाकी वेळी खऱ्या रंगांवर राहा.

भिंतीवर लावायला चित्र छापता येईल का?

येईल, आणि फोटोंच्या कोलाजपेक्षा मला ते जास्त आवडतं. हिशोब सोपा आहे. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. एफोर कागद म्हणजे साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल, म्हणजे सेंटिनेल-२ च्या चित्रात सुमारे २५ बाय ३५ किलोमीटरचा प्रदेश. सॅन्टोरिनी त्यात आरामात बसतं. मॉरिशससारखं बेट घ्यायचं तर एटू कागद लागेल. त्याहून छोटा प्रदेश मोठा करून छापलात तर पिक्सेलांचे चौकोन दिसू लागतात.

कोपर्निकस ब्राउझरमधून मोठ्या आकारात चित्र उतरवून घ्यायला खातं लागतं, ते फुकट उघडता येतं. चित्र सुधारून वापरलंत तर त्यात कोपर्निकस सेंटिनेलची माहिती आहे हे आणि वर्ष कोपऱ्यात लिहायचं, एवढीच अट. लँडसॅटच्या चित्रांवर हक्कांचं बंधन नाही. गूगलची चित्रं मात्र त्यांच्या नावाची पट्टी कापून छापू नयेत, आणि विकायची तर नाहीतच.

शोधलेल्या जागा सगळ्यांना पाठवल्या तर चालेल ना?

नकाशा खुशाल पाठवा. ज्यांच्या घरी उतरलात त्यांच्या घराचे अक्षांश-रेखांश आणि दुर्मीळ पक्ष्यांची घरटी किंवा फुलं दिसली तिथले आकडे काढून टाका. केएमएल फाइलमध्ये प्रत्येक खुणेचे आकडे शिल्लक असतात, म्हणून तिच्याऐवजी स्क्रीनशॉट पाठवलेला बरा.